ओरखडा नसलेला काप

तार दुपारी आली. ‘नलिनी गेली. अरविंद.’ नागपूरच्या घराच्या दारात उभी राहून मी ती वाचली, आणि खरं सांगायचं तर मला धक्का बसला नाही. पावसाळ्याआधी कलकत्त्याला जाऊन नलूताईला भेटून आले, तेव्हापासून मी याच तारेची वाट पाहत होते... आता काही आठवडे उलटले आहेत. लिहिल्यानं काही हलकं होईल अशी आशा नाही. पण ती कोण होती हे कुणीतरी सांगायला हवं.

माझ्या यजमानांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा भवानीपुरात आम्ही ज्या घरात राहायला गेलो त्याच्या वरच्या मजल्यावर नलूताई राहायची. जन्म तिथलाच. घरात स्वच्छ मराठी, आणि मासळीवाल्याशी भाव करताना अशी बंगाली की तो तिला ‘दीदी’ म्हणून निमूटपणे भाव उतरवायचा. तिचे यजमान अरविंदराव शहराबाहेर बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनीयर; सकाळच्या लोकलनं जायचे, दिवेलागणीला परत. एकुलती एक मुलगी मंजू, कॉलेजात जाणारी. नलूताई स्वतः एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे तुकडे मेणात बसवायचे आणि यंत्रावर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचे, हे तिचं काम. ते काप काचेवर घेऊन डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघत आणि रोग सांगत.

तिचा सगळा जीव त्या यंत्राच्या पात्यात. वीतभर लांब, जड पोलादी पातं. त्याला धार लावायचं काम ती कुणाला करू देत नसे. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायचं, चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ओढायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरून टोकापासून टोकापर्यंत बघायचं. डोळ्याला न दिसणारा टवका उडाला असला तरी कापावर उभा ओरखडा उमटतो. “आणि ओरखड्याखाली काय आहे ते देवालाही दिसत नाही,” ती म्हणायची. रविवारी घरातल्या सुऱ्या आणि माझी विळीसुद्धा ती खिडकीत बसून परजायची. “सुमन, धारेच्या विळीवर भाजी चिरली जाते. बोथट विळीवर बोट.” मंजू हसायची. बंगालीत वाढलेल्या त्या पोरीचं ‘तो-ती’ चुकवणारं मराठी आईला फार छळायचं.

त्या मराठीतूनच ते आजारपण घरात आलं. नक्षलवाद्यांचे, रस्त्यावर बॉम्ब फुटण्याचे, कॉलेजं आज उघडी तर उद्या बंद असण्याचे दिवस होते. मंजू घरीच होती, आणि मी वर चहाला गेले होते. ती मला म्हणाली, “मावशी, बघ ना, इथे एक गाठ झाला आहे.”

“झाला नाही गं, झाली,” नलूताई हसत हसत म्हणाली, आणि बोलता बोलता तिनं मुलीच्या मानेवर हात ठेवला. हसू तिथंच थांबलं. हात मात्र बराच वेळ उचलला नाही.

गाठ काढली. तुकडा तिच्याच प्रयोगशाळेत आला. तिथले वयस्क डॉक्टर तिला म्हणाले, “नलिनीदी, आपनि बाडी जान.” तुम्ही घरी जा, दुसरं कुणी करील. ती गेली नाही. दुसऱ्याच्या हातून ओरखडा राहिला आणि त्यामुळे डॉक्टरांना भलतंच दिसलं तर? अख्खी दुपार ती पात्याला धार लावत बसली. तिच्या मनात काय होतं ते तिनं मला पुढे सांगितलं. काप अगदी स्वच्छ निघाला तर त्यात काही सापडणार नाही, असं तिला वाटत होतं. इतकी वर्षं त्या कामात काढलेल्या बाईला...

काप स्वच्छ निघाला. इतका स्वच्छ की रोग ओळखायला डॉक्टरांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

घरी आल्यावर ती जिन्यातच माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “पातं जरा बोथट असतं, तर चार दिवस शंका तरी राहिली असती गं.”

औषधं झाली, किरण देऊन झाले. पुढच्या दुर्गापूजेचे ढाक-ढोल रस्त्यावर वाजत होते तेव्हा मंजू नव्हती.

नलूताई कामावर परत गेली. लोकांना ते विचित्र वाटलं. “कुणाच्या तरी मुलीचा काप असतो,” एवढंच ती म्हणे. तिथलं पातं पूर्वीसारखंच लखलखीत असायचं. घरातल्या सुऱ्यांना मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही. टोमॅटो चिरला न जाता चेचला जाई, आणि अरविंदराव ती कोशिंबीर मुकाट्यानं खात. मी एकदा म्हटलं, धारवाल्याला हाक मारते. ती म्हणाली, “नको. घरात नको.” मग आमची नागपूरला बदली झाली.

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. वीज गेली होती, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. तिनं पदर सरकवला, माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत सुपारीसारखं काहीतरी घट्ट, न हलणारं. मी रडले, रागावले, डॉक्टरांकडे चल म्हणून हात ओढला.

“माझा काप कुणी काढायचा नाही,” ती म्हणाली. “यांना सांगू नकोस.”

दिवसकार्य झाल्यावर मी आणि यजमान कलकत्त्याला गेलो. अरविंदराव मधल्या खोलीत बसले होते, दाढी वाढलेली. मी न राहवून विचारलं, “तुम्हाला काहीच कळलं नव्हतं का हो?”

“कळलं होतं,” ते म्हणाले. “एका खाटेवर निजणाऱ्या माणसाला कळत नाही का, वहिनी?”

“मग बोलला का नाहीत?”

“मंजूचं आम्हाला लवकर कळलं. त्यानं काय झालं? पोर हसली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळायचो. वर्षभर. या वेळी मी गप्प राहिलो. नलूला वाटत राहिलं मला माहीत नाही. त्यामुळे ती माझ्याकडे बघायची... जेवताना, मी बूट घालताना, मिलमधून आल्यावर दार उघडताना.”

मग माझ्या यजमानांकडे वळून, जणू एखादा हिशेब विचारावा तसं त्यांनी विचारलं, “मी चूक केली का हो?”