पायाखालच्या फळ्या

हाशिमभाईंना एक खोड होती. कुठलीही वस्तू खडखडली की त्यांचं डोकं उठायचं. कामतघरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये चाळीस वर्षं लूम फिटरचं काम केलेला माणूस तो! लूमचा एक बोल्ट ढिला राहिला तर अख्खा तागा वाया, हे अंगात भिनलेलं. रिक्षात बसले तरी मागचा पत्रा वाजतोय म्हणून रिक्षावाल्याला खाली उतरवून पाना काढायचे. बायको बिल्किस चिडवायची, "माझे गुडघे पण वाजतात, तेवढे कसून द्या." ती जाऊन दोन वर्षं झाली. आता घरात वाजणारं काहीच नव्हतं आणि त्या शांततेत त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

मुलगा साद पुण्याला, सून आणि नात मदीहाही तिथेच. दर शुक्रवारी नमाजनंतर सादचा फोन. "अब्बा, एकटे किती दिवस राहणार? इकडे या. तुमच्यासाठी एक खोली रिकामी ठेवलीय."

खरं सांगायचं तर म्हाताऱ्याला जायचं होतं. फार जायचं होतं. पण आपण होऊन 'येतो' म्हणायला जीभ रेटत नव्हती. मुलाने हट्ट धरावा, गाडी घेऊन दारात यावं, बॅग स्वतः उचलावी, एवढीच अपेक्षा. मग एका शुक्रवारी अकड दाखवायला म्हणून बोलून गेले, "तुझ्या आजोबांचा मचवा दुरुस्त करतोय. तरंगला तर मी इथेच राहणार. नाही तरंगला तर येईन तुझ्याकडे."

"ठरलं," साद हसला.

झालं, आता मागे कसं फिरणार? तो शिडाचा मचवा काल्हेरला खाडीकाठी, चिंधू नावाच्या जुन्या नाखव्याच्या अंगणात वीस वर्षं ताडपत्रीखाली पडून होता. आतली फळ्यांची जमीन पार कुजलेली. पहिल्याच दिवशी हाशिमभाईंचा पाय फळीतून आरपार गेला. त्यांनी सगळ्या फळ्या उचकटल्या, त्यांच्यावरूनच मापं घेतली, साग आणला आणि एकट्याने कापायला बसले. मचव्याचं पोट गोल, एक फळी दुसरीसारखी नाही. एकेक फळी सहा-सहा वेळा लावून बघायची, तासायची, पुन्हा लावायची. चार महिने गेले. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून फळ्यांनाच शिव्या घालायचे.

चिंधू अधूनमधून मिश्री लावत येऊन उभा राहायचा. फळीवर स्क्रू बसताना बघून तो ओरडलाच, "अरं शेट, फल्या कसू नको! सुट्ट्या ठेव. खालचा पानी उपसाला हात कुठून घालशील?"

"चिंधूभाऊ, पायाखाली हललेलं मला नाही चालत."

"मंग घरा बस ना लादीवर!"

हाशिमभाईंनी ऐकलं नाही. दोन फळ्यांत केस जाणार नाही असं बसवलं आणि दीडशे स्क्रू पिळले.

भरतीच्या दिवशी दुपारी चिंधूच्या घरच्यांनी मचवा पाण्यात लोटला आणि सगळे हळदीला निघून गेले. हाशिमभाई एकटे आत बसले. काय डौलात उभा राहिला होता! ते स्वतःशीच हसले.

मग कडेने पाणी वर आलं. वीस वर्षं वाळलेलं तळाचं जुनं लाकूड ते, सांधे उघडे पडलेले. चार दिवस पाणी पिऊन लाकूड फुगतं, सांधे मिटतात. तोवर फक्त उपसत राहायचं असतं, हे खाडीवरचं शेंबडं पोरही जाणतं. पण पाणी फळ्यांखाली आणि उपसायचा डबा फळ्यांवर. पेचकस घरी राहिलेला, म्हणून हाशिमभाई पान्याचं टोक घालून फळी उचकटू लागले. फळी स्क्रूंनी अशी घट्ट बसली होती की तसूभर हलेना. स्वतःच्या कामाचा असा राग त्यांना जन्मात आला नव्हता. मचवा हळूहळू खाली गेला आणि काठाजवळच्या गाळात बसला. ते मांडीभर पाण्यात उभे.

तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवारच होता.

"अब्बा, आज मचवा पाण्यात घालणार होतात ना? तरंगला?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर ते दीडशे स्क्रू पाण्याखालून चमकत होते. "तरंगला म्हणजे काय! चिंधू बघतच राहिला," ते म्हणाले आणि थांबले. आता तो म्हणेल, तरंगला तर तरंगला, तुम्ही या. त्यांनी 'बरं बाबा, येतो' हे शब्द जिभेवर तयार ठेवले.

"वा अब्बा! कमाल केलीत," साद म्हणाला. "बरं झालं आजच कळलं. मदीहाची दहावी आहे, ती खोली आता तिला देतो. उद्याच तिचं टेबल येतंय."

"दे, दे. पोरीला अभ्यासाला शांतता लागते."

"पाण्याचा किती छान आवाज येतोय हो तिकडे."

"खाडी आहे बाबा," हाशिमभाई म्हणाले, "येणारच." आणि भरती चढत होती म्हणून त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेऊन खांद्याच्या वर धरला.