उकडीची ज्वारी

माझ्या वडिलांनी जन्मभर राबून केलेली ज्वारी आज एका कावळ्यानं खाल्ली.

अण्णांचं वर्षश्राद्ध होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा हैदराबादबाहेरच्या एका आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत ज्वारीच्या नव्या जाती तयार करायचे. कोरड्या देशांतल्या माणसांना पोटभर मिळावं म्हणून.

नव्वदचं दशक. हैदराबादेत, आमच्या बरकतपुऱ्यात घरोघरी केबल आलं होतं, आणि आमचे अण्णा आफ्रिकेतल्या माली देशात पाऊस पडला का, याची काळजी करत जेवायचे.

तिथला अमादू हा त्यांचा जोडीदार शास्त्रज्ञ. अर्धं काम इथं, अर्धं तिथं.

त्यांची पहिली जात जबरदस्त होती. पावसानं दडी मारली तरी कणीस भरायचं. शेवटची परीक्षा आईच्या तव्यावर झाली. भाकरी टम्म फुगली, संध्याकाळपर्यंत मऊ राहिली. अण्णा खूश. बियाणं विमानानं गेलं.

तिकडच्या बायकांनी ते नाकारलं.

पुढच्या खेपेला अमादू आमच्या घरी जेवायला आला. आईची भाकरी चवीनं खाल्ली आणि इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, भाकरी फार छान. पण आम्ही भाकरी खात नाही."

त्यांच्याकडे ज्वारीची घट्ट उकड करतात. गार झाली की हातानं तोडून खाता आली पाहिजे. अण्णांच्या मऊ ज्वारीची नुसती पेज व्हायची.

आई अण्णांकडे बघतच राहिली. "अहो, ते लोक ज्वारीचं करतात काय, एवढं तरी विचारायचं ना."

"ज्वारीचं भाकरीशिवाय काय करतात?" अण्णा म्हणाले.

मराठी माणूस. दुसरं काय बोलणार.

पण मनाला फार लागलं त्यांच्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कडक दाण्याची नवी जात. त्यात वर्षं गेली. उकड करून बघायची, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात प्रोजेक्ट बंद झाला.

पैसे देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला. म्हणे, प्रायॉरिटी बदलली. सगळं जग ग्लोबल व्हायला निघालं होतं, आणि बंद काय केलं, तर हे. त्या 'प्रायॉरिटी' शब्दाचा मला आजही संताप येतो.

टाकून देणार होते त्यातलं मूठभर बी अण्णा रीतसर विचारून घरी घेऊन आले. बी जिवंत राहावं म्हणून दरवर्षी गच्चीवर कुंड्यांत पेरायचे. दुसरे पराग मिसळू नयेत म्हणून कणसांना कागदी पिशव्या बांधायचे.

खालचे खाजासाब विचारायचे, "जवारी कू टोपियां कायकू पहनाए, डाक्टर साब?"

अण्णा नुसते हसायचे.

आई म्हणायची, "चिमूटभर दळते. एकदाचं कळू दे तुम्हाला."

"नक्को. बी आहे ते. बी खात नाहीत."

मग बिल्डिंगनं गच्ची मोबाइल टॉवरला दिली. कुंड्या गेल्या. बी डब्यात, डबा फ्रिजमध्ये. आणि उन्हाळ्यात निम्मा दिवस करंट नाही. अमादूचे फोन आधी कमी झाले, मग बंदच झाले.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, मला विचारायचे, "घट्ट झाली असती का गं?"

मी म्हणायचे, "झाली असती."

मला काय माहीत होतं? काहीच नाही. बरं वाटावं म्हणून म्हणायचे.

गेल्या आठवड्यात त्यातलं थोडं बी मी ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. मोड आले असते तर कुणाच्या तरी शेतात पेरलं असतं.

एकाही दाण्याला मोड आला नाही. बुरशी आली.

आज सकाळी आईनं उरलेला डबा काढला. म्हणाली, "मेलं ना आता? मग दळायला हरकत नाही."

मिक्सरमध्ये फिरवलं. वाटीभर उकड झाली. ताटलीत थापून गार व्हायला ठेवली. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या होतो.

आईनं सुरीनं वडी कापली. उचलली. तुटली नाही. लिबलिबली पण नाही.

आई ओट्याला टेकून रडायला लागली. अण्णा गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

सगळी उकड पानात वाढली. कावळा लगेच आला.

आता ही ज्वारी जगात कुठंच नाही. मालीतल्या ज्या बायकांसाठी केली, त्यांच्या चुलीपर्यंत ती कधी पोचणार नाही. अमादू कुठं आहे, तेही मला माहीत नाही.

अण्णा, घट्ट झाली हो.

झोपा आता.