वसईकर म्हणजे कोण

नवरा जाऊन तीन महिने झाले होते. मी वसईजवळ तुळिंजला राहते आणि तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवते. माझं मन रमावं म्हणून मुख्याध्यापिकांनी मला वार्षिक अंकासाठी लेख लिहायला सांगितला : 'वसईकर' हा शब्द कसा आला? मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते.

पुस्तकं काढली. वसई हे नाव 'वास', म्हणजे राहणं, यावरून आलं असं सांगतात. पुढचा 'कर' गावाच्या नावाला लागला की तिथला रहिवासी. म्हणजे राहण्याच्या जागी राहणारा. एरवी हे मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं असतं. आता वहीत उतरवलं आणि कुकर लावला.

रविवारी सांडोरला सासरच्या घरी गेले. मोठ्या नणंदबाई तिथे एकट्याच राहून वाडी सांभाळतात. त्या केळीची पानं कापत होत्या. मी लेखाचं सांगितलं, तशा हसल्या.

"आम्ही कुठे स्वतःला वसईकर म्हणतो? आम्ही सांडोरचे. वसईला बाजाराला जातो."

"मग वसईकर कोण, ताई?"

"लांब गेलं की आपण सगळेच. तुमच्या लग्नात सांगलीला तुझे काका ओरडत नव्हते का, 'वसईकर मंडळी आली, पाणी द्या' म्हणून?"

आठवलं. त्या गर्दीत नवरा हार सावरत उभा होता. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"आणि मी कुठली?" मी विचारलं.

त्यांनी कोयती खाली ठेवली. "तू तुळिंजची. पण त्याची खोली आहे इथे. शनिवार-रविवार येत जा. मलाही एकटीला जेवण जात नाही."

मी हो म्हटलं.

लेख दिला. शेवट जरा जोशात हवा, म्हणून मुख्याध्यापिकांनी 'आपण सारे वसईकर!' असं वाक्य घालायला सांगितलं. तेही घातलं. लेख छापून आला, कुणीकुणी छान म्हणालं. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

आता दर शनिवारी शाळा सुटली की सांडोरला जाते. ताई पानं कापतात, मी पुसून दहा-दहाच्या जुड्या बांधते. फारसं बोलणं होत नाही. मग दोघी जेवायला बसतो. परवा त्यांनी न विचारताच मला दुसऱ्यांदा भात वाढला, आणि मी तो खाल्ला.