इस्त्री केलेलं शीड

वैदेहीनं माझ्या टेबलावर बोटीचं शीड पसरलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मागची कड पार आत वळली होती.

"इस्त्री केलीस?"

वैदेहीनं मागे पाहिलं. तिच्यामागे उभे असलेले वडील खालमानेनं म्हणाले, "मी केली. चुरगळलं होतं ओ. उद्या टीमच्या निवडीची रेस, पोरगी अशी उतरणार?"

त्यांच्या नायगावच्या घरात परीक्षा असो की परेड, आदल्या दिवशी वडील कडक इस्त्री करणार म्हणजे करणार. शीडही त्यातून सुटलं नाही!

मी परळला शिडं शिवतो. वैदेहीची बोट एंटरप्राइज क्लासची. प्लायवूडची, दोघांनी चालवायची, शीड नियमानं निळंच. कापड पॉलिएस्टरचं, गरम इस्त्रीनं आकसतं. मागच्या कडेला आम्ही लीच म्हणतो. तिथून वारा सुटून जायला हवा. ती वळली की वारा अडतो आणि बोटीला ब्रेकच लागतो. दुसरं शीड तिच्याकडे नव्हतं. नवं शिवायला पुरेल इतकं निळं कापड माझ्याकडे नव्हतं.

"आकसलेली पट्टी कापावी लागेल. शीड थोडं लहान होईल, पण रूलमध्ये बसेल. कात्री वाकडी गेली तर मात्र उद्याची रेस विसर."

"कापा, काका."

वडील दाराकडे वळले. "मी बाहेर थांबतो."

"बाहेर कशाला? इकडे या, कापड धरा. ताणू नका, नुसतं सरळ."

मी कात्री लावली. त्यांच्या हातात कापड हलायला लागलं. मी थांबलो. वैदेही पुढे आली आणि तिनं त्यांच्या हातांवर हात ठेवले.

"पप्पा, धर नीट. मी आहे ना."

कापड स्थिर झालं. मी एका दमात शेवटपर्यंत कापत गेलो. कापलेल्या कडेला नवी बारीक पट्टी शिवली, शीड छताच्या गर्डरला टांगलं आणि पंखा लावला. कड सरळ राहिली. वरच्या टोकाला जरा बाक उरला होता. तो काढायच्या फंदात मी पडलो नाही.

सकाळी मोजणीत शीड पास झालं. दुपारी फोन आला.

"काका, टीममधली शेवटची जागा मला मिळाली! पप्पा रडतायत."

तेव्हापासून नवं शीड देताना मी आधी विचारतो, घरी इस्त्री कोण करतं? आणि सगळ्या सूचना त्यालाच बोलावून देतो.