दत्तूचा गुण्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि दत्तूला तर — त्याला कसं सांगणार?

आम्ही सांगवीचे सुतार. दत्तू माझा धाकटा चुलतभाऊ. रंधा, गुण्या अशी लाकडी हत्यारं घडवायला आम्ही दोघंही माझ्या वडिलांकडे, आबांकडे शिकलो. गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं हत्यार. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. इंदापूरकडचे सुतार यायचे ते दत्तूचा गुण्या मागायला. माझा हातात घेऊन बघायचे आणि परत ठेवायचे. जळायचो मी. पार पोटातून जळायचो. त्याच्या हाताला काय सोनं लागलं होतं?

मग पिंपळीच्या देवळाचा लाकडी मंडप आला. आबांनी आखणी दत्तूकडे दिली — थोरला मी असताना.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पाटावर मांडून पूजतात. एरवी नवं काम धरताना दत्तू गुण्या पालटून, दोन रेघा मारून तपासायचा; रेघा एकावर एक आल्या की गुण्या खरा. पण पूजेतून उठलेलं हत्यार तपासायचं नाही, ही घरची रीत. देवानं बघितलेलं असतं ना? म्हणूनच तर मी तो दिवस धरला. सगळे जेवायला बसले होते. हळद-कुंकू लावलेला त्याचा गुण्या मी उचलला आणि पात्याच्या टोकाकडे रंधा फिरवला. कांद्याच्या सालीएवढी ढलपी निघाली. ती खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून दत्तूनं त्याच गुण्यानं सगळं लाकूड आखलं. मंडपाचा एकही सांधा धड बसेना. चांगलं सागवान वाया गेलं. गावासमोर आबांनी गुण्या पालटून रेघा मारल्या. रेघा फाकल्या.

"दत्तू, तुझा हात गेला रं," आबा म्हणाले.

दत्तूनं रेघांवरून बोट फिरवलं. "व्हय आबा," म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं का? नाही. खरं सांगू — बरं वाटलं मला.

दत्तू आता मोटारसायकलवरून एमआयडीसीत जातो, खोक्यांना खिळे ठोकतो. आबा वारले ते तसंच समजून. गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. आपली हत्यारंही त्यानं मलाच दिली. तो गुण्या मी सरळ करून घेतला. तसा दुसरा मला अजून जमलेला नाही, आणि अजून जळतो.

दर दसऱ्याला दत्तू पूजेला येतो. सगळ्या हत्यारांना कुंकू लावतो. गुण्यापाशी आला की हात मागं घेतो. म्हणतो, "दादा, ह्याला तू लाव. माझ्या हातानं नगं."

मी लावतो.