पावतीवरचं मधलं नाव

टाइम ऑफिसातला कारकून म्हणाला, "आईच्या ऑपरेशनच्या पावत्या ठेवल्यात का? मग अर्ज कर की! सरकारी कारखाना आहे हा. आईबाप तुझ्यावर अवलंबून असले तर त्यांच्या दवापाण्याचा खर्च परत मिळतो. आधी झालेलासुद्धा!"

शिफ्ट सुटलीच होती. जेवणाचा डबा त्याच्या टेबलावर तसाच विसरून मी सायकल काढली. पिंपरी ते मोशी सगळा माळ, कच्चा रस्ता, समोरून वारा. पण त्या दिवशी मी सायकल चालवत होतो की उडत होतो, देव जाणे. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षंही झाली नव्हती, आणि सरकार म्हणे आपल्याला पैसे देतं! दोन वेळा तर मी एकटाच मोठ्यांदा हसलो.

त्याला कारण होतं. उन्हाळ्यात आईचं अपेंडिक्स पुण्याला जाऊन कापावं लागलं. त्यापायी तिची माहेरची पुतळ्यांची माळ आळंदीच्या सोनाराकडे गहाण पडली. ती माळ धाकट्या बहिणीला लग्नात घालायची, हे आईनं बहीण पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. सोनार तोवर थांबणार होता, पुढं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "सरकार घेतं रं, देतं कवा? कुणीतरी शेंडी लावली तुला."

मी ऐकतोय कुठला! पावत्या जोडल्या, अर्ज दिला आणि आठ दिवस हवेत चाललो. नवव्या दिवशी अर्ज परत आला. "ही बाई तुझी कोण?" कारकुनानं विचारलं. पावत्यांवर आईचं नाव, पुढं माझ्या आजोबांचं, म्हणजे तिच्या वडलांचं, आणि त्यापुढं तिचं माहेरचं आडनाव. सरकारच्या लेखी माझा नि त्या बाईचा काडीचा संबंध नव्हता.

मी तणतणतच घरी आलो. "आई, हे काय करून ठेवलंस?"

"दवाखान्यात पावती लिवनाऱ्या मास्तरानं इचारलं, नवऱ्याचं नाव काय," आई शांतपणे म्हणाली. "मी कसं घेनार? मंग तो म्हनला, बापाचं सांगा. ते सांगितलं."

"आणि आबा कुठं होते?"

"टांगेवाल्यासंगं भांडत, भाईर."

आबा गुपचूप अंगणात निघून गेले.

कारकून भला माणूस. त्यानं साहेबांना गाठलं, नि साहेब म्हणाले, बाईंना घेऊन या, माझ्यासमोर आपलं पूर्ण नाव सांगू दे, अंगठा उठवू दे, मी शेरा मारतो. एवढं सोपं! मी आईला आणि आबांना बैलगाडीत घालून पिंपरीला आणलं. आबा बाहेर लिंबाखाली बसले.

साहेब म्हणाले, "बाई, संपूर्ण नाव सांगा."

आईनं स्वतःचं नाव सांगितलं, मधे एक आवंढा गिळला आणि आडनाव सांगितलं.

"मधलं?"

"तुमच्या कागदावर आसंल की."

"कागदावर वडलांचं आहे. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

कारकून म्हणाला, "मावशी, उखाण्यात घ्या!"

"लग्नात घ्यायला लावलं व्हतं, तवाबी व्हटातल्या व्हटात घेतलं मी," आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

माझा तोल सुटला. "आई, माळ जाईल! त्या तीन अक्षरांपायी माळ जाईल!"

आईनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग ती उठली. साहेबांकडं पाठ करून खिडकीशी गेली, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि एकदम मोठ्यांदा, रानात हाक मारावी तसं आबांचं नाव घेतलं. नाव इथं लिहीत नाही. तिनं एवढ्या कष्टानं घेतलेलं मी फुकट कशाला वाटू?

"ओ!" बाहेरून आवाज आला. पाठोपाठ आबा अनवाणी धावत आत. मुंडासं खांद्यावर, चेहरा पांढराफटक. "काय झालं? काय झालं गं?" तिच्या तोंडून आपलं नाव आलंय म्हणजे आभाळच कोसळलं असणार, असं वाटलं त्यांना.

साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. हसतहसतच त्यांनी शेरा मारला. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं!

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण तीन आठवड्यांत पैसे आले. मी त्याच दिवशी आळंदी गाठली. लग्नात बहिणीच्या गळ्यात माळ अशी शोभली की आई जेवलीसुद्धा नाही, नुसती बघत बसली.

संध्याकाळी बायकांनी तिला घेरलं. "विहीणबाई, नाव घ्या, नाव घ्या!"

"सायेब सही करनार आसंल तर घेते," आई म्हणाली. मांडव हसून हसून लोळला.

मागं खांबाला टेकून आबा उभे होते. जिलबीची भट्टी सोडून तेवढ्यासाठी आलेले. थोडा वेळ थांबले, आणि मग हात पुसत परत गेले.