सुनंदाचा ओवा

बातमी आली तेव्हा मी सुनंदाचा ओवा काढत होते. डब्यातला नव्हे, मोबाइलच्या पडद्यावरचा. बोरगाव मेघेच्या आमच्या घरात, गॅसवर वरण ठेवून मी वडनेरच्या विकीवरचं ‘रोडगे’ नावाचं पान उघडलं होतं, गोवऱ्यांवर भाजायच्या कणकेच्या गोळ्यांचं. सुनंदानं, म्हणजे माझ्या नणंदेनं, आदल्या दिवशी तिथं पुन्हा घुसवलेलं ‘कणकेत ओवा घालावा’ हे वाक्य खोडून ‘सोप घालावी’ असं लिहीत होते; सोप म्हणजे आमच्याकडची बडीशेप. एवढ्यात ह्यांना वडनेरहून तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला. हे भिंतीला टेकले आणि म्हणाले, “सुनंदा गेली.” मी विचारलं, “कुठं गेली?” अशा वेळी माणूस किती खुळ्यासारखं बोलतं... सकाळी अंगण झाडता झाडता ती ओट्यावर बसली आणि तिथंच आटोपली. वरण करपलं. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

सुनंदा ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, वडनेरातच राहिली आणि तिथल्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. नणंद-भावजयीत जे जे व्हायचं ते आमच्यात सगळं झालं. सुरुवातीला अबोला झाला, मग टोमणे, आणि पुढं पुढं एकमेकींवाचून करमेनासं झालं. मी आंजीची, ती वडनेरची. जिल्हा एकच, पण तिच्या मते आंजीच्या लोकांना रोडगे येत नाहीत आणि माझ्या मते वडनेरच्या लोकांना भाजलेलं आणि जळलेलं यातला फरक कळत नाही. तशी स्वभावानं गोड होती, असं लिहायची पद्धत आहे. पण गोड वगैरे काही नव्हती. हट्टी होती, आणि तिचा हट्ट माझ्या फार उपयोगी पडला.

पोरं नोकऱ्यांना लागून बाहेरगावी गेली तेव्हा मी दिवसभर घरात चिडचिड करायची. एकदा ती सुट्टीत आली होती, तिनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वहिनी, तू बोलून राह्यली त्याच्यापेक्षा लिहून काऊन नाई काढत?” मी म्हटलं, मी दहावी शिकलेली बाई, मी काय लिहू? तिनं सरळ माझ्या नावाचा एक ब्लॉग उघडून दिला. ‘वहिनीचं पान’ असं नाव ठेवलं आणि मोबाइलवर मराठी कसं उमटवायचं ते शिकवून गेली. मी आठवडाभर तिच्या नावानं खडे फोडले आणि शेवटी चार ओळी लिहिल्या. आंजीच्या आमच्या शेतात विहीर होती. लहानपणी मी तिच्यात पडले. मला काढलं. आता ती विहीर बुजवली. संध्याकाळी खाली तिचा अभिप्राय आला. एकच शब्द, “मंग?”

मला असा राग आला म्हणता. लगेच फोन लावला. “मंग काय मंग? वाचली म्हणूनच तुमच्या घरी आली ना मी.” ती शांतपणे म्हणाली, “तुले काढलं कोणं? माय रडली का तिनं आधी दोन ठेवून देल्ल्या? पाण्यातून वर काय दिसे? हे सांगतलंच नाई तू.” फोन ठेवला आणि मी बसून राहिले, कारण पाण्यातून वर काय दिसत होतं ते मला लख्ख आठवलं. आभाळाचा एक तुकडा आणि काठावरून वाकलेलं बाबांचं डोकं. कोणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. तेव्हापासून मी लिहीत गेले. प्रत्येक लेखाखाली तिचं “मंग?” यायचं आणि त्या एका शब्दासाठी मी पुढचा लेख लिहायची. तिनं माझं एकही वाक्य कधी सुधारून दिलं नाही. आज या पुरवणीत तिच्याविषयी लिहायची माझी हिंमत होते, ती त्यातूनच आलेली आहे.

शाळेत तिनं याच्या पुढची मजल मारली. ‘आमचं वडनेर’ नावाचा गावाचा विकी सुरू केला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, ब्लॉग म्हणजे आपलं एकटीचं अंगण, आणि विकी म्हणजे गावाचा पार. एकानं लिहावं, दुसऱ्यानं त्यात भर घालावी, तिसऱ्यानं चूक दुरुस्त करावी. बदल करताना ‘कारण’ नावाच्या चौकटीत का बदललं ते लिहायचं, आणि जुनं खोडलेलं सगळं ‘इतिहास’ या बटणाखाली जपलेलं राहतं. तिच्या मुलांनी देवळांवर, झाडांवर, आठवडी बाजारावर, आपापल्या आजोबांवर पानं लिहिली. पण तिनं लिहिलेल्या पानाला मात्र एकही पोर हात लावेना. मग तिनं मुद्दाम एक चूक पेरली. ‘तान्हा पोळा हा मोठ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी असतो,’ असं ठोकून दिलं. आता आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल की तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी असतो. लाकडाचे बैल घेऊन दारोदार तीच तर फिरतात. सुनंदा वाट बघत बसली. पोरांनी वाचलं, एकमेकांना कोपरं मारली आणि चूक तशीच ठेवली. कहर म्हणजे घटक चाचणीत अख्ख्या वर्गानं ‘आदल्या दिवशी’ असं लिहून ठेवलं. मॅडमनं लिहिलंय ना, मग आपला पोळा चुकला असेल...

तो पेपर तपासून ती थेट आमच्याकडे आली होती. मी हसून हसून बेजार झाले, पण ती हसली नाही. म्हणाली, “वहिनी, हसू नको. मी यायले आज्ञा पाळणं शिकवलं, लिहिणं नाई शिकवलं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मी रडताना पाहिलं ते तेवढंच. शेवटी तिनं वैशाली नावाच्या मुलीला संगणकापुढं बसवलं आणि स्वतः पाठ करून उभी राहिली. वैशालीनं तीनदा विचारलं, “मॅडम, तुमचं खोडू?” हिचं एकच उत्तर, “तुह्या घरी तान्हा पोळा कधी राह्यते, ते लिव्ह.” पोरीनं खोडलं. कारणाच्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना, म्हणून लिहिलं, ‘माफ करजा मॅडम’. सुनंदा म्हणायची, त्या दिवशी मला पगार मिळाल्यासारखं वाटलं. पुढं तर शाळेत ती रीतच पडली. मॅडमची चूक काढायची आणि चौकटीत ‘माफ करजा’ लिहायचं. “माफी कायची मांगता रे पोट्टेहो,” म्हणून ती ओरडायची, पण त्यांनी काही ती रीत सोडली नाही. माफी मागत मागत पोरं धीट झाली.

तेरवीला गाव लोटलं होतं. प्रशांत हा तिचा जुना विद्यार्थी, नागपूरला संगणकाच्या नोकरीत आहे, विकी चालू ठेवण्याचं तांत्रिक काम तोच बघतो. जेवणं झाल्यावर त्यानं उभं राहून सांगितलं, की मॅडमनं लिहिलेली सगळी पानं त्यानं कुलूपबंद केली आहेत, आता त्यातला एक शब्दही कोणी बदलू शकणार नाही, हीच आपली श्रद्धांजली. लोकांनी माना डोलावल्या. ह्यांनी डोळे पुसले. मलाही तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर चार दिवसांनी मी रोडग्यांचं पान उघडलं. अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करावं म्हटलं. तर बदलायचं बटणच नाही. पानाच्या माथ्यावर तिचा फोटो, फोटोला चितारलेला हार, आणि खाली ओवा. कायमचा. वाद जिंकून मेली बाई, असं मनात आलं. नव्या बदलांची यादी पाहिली, तर तेरवीपासून तिथं एकही ओळ नव्हती. पोरांनी आपली स्वतःची पानंसुद्धा लिहायची थांबवली होती.

प्रशांतला घरी बोलावलं. चहा दिला आणि म्हटलं, “बापू, हार फोटोले घालतेत. पानाले नाई.” तो बिचारा कासावीस झाला. म्हणाला, “काकू, आज एक शब्द बदलन, उद्या दुसरा. धा वर्षांनं मॅडमचं काई उरन का त्याच्यात?” त्याचं दुःख खरं होतं, म्हणून माझा आवाज खाली आला. मी त्याला रोडग्यांच्या पानाचा इतिहास उघडून दाखवला. तिचं नाव, माझं नाव, तिचं, माझं... ओवा, सोप, ओवा, सोप. वर्षानुवर्षांचं भांडण एकाखाली एक. “हे पाह्य. मी खोडलेलं तिचं सारं इथं जसंच्या तसं आहे. आन् मी खोडलं म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. कुलूप लावशीन तर ती येईन कोण्या वाटेनं?” तो बराच वेळ ती यादी बोटानं वर सरकवत राहिला. चहा पिऊन गेला. आठवड्यानं बघते तर बटण परत आलेलं.

मी ओवा काढला. सोप घातली. कारणाच्या चौकटीत इतक्या वर्षांत मी कधी काही लिहिलं नव्हतं. नणंदेपुढं भावजयीनं कशाला वाकायचं? त्या दिवशी लिहिलं, ‘माफ करजो सुनंदा’.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बोट आपोआप त्याच पानाकडे गेलं. सवय, दुसरं काय. रोज सकाळच्या चहाआधी तिनं ओवा परत टाकलेला असायचा. आता कोण टाकणार, असं म्हणतच पान उघडलं... आणि कणकेत ओवा होता. इतिहासावर बोट ठेवलं. सगळ्यात वर नाव वैशालीचं, तीच पोळ्यावाली पोरगी, आता हिंगणघाटला नर्स आहे. कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘वडनेरात ओवाच घालतेत. माफ करजा काकू.’

मी तिथंच बसून रडले. हे घाबरून विचारायला लागले, काय झालं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही. मग पदरानं चष्मा पुसला आणि तिचा ओवा काढायला बसले.